शेजारी आमागो

स्मरणिका समितीचा आग्रह की काकांनी काहीतरी लिहावेच. सोसायटीचा इतिहास लिहिणारे इतर आहेत, म्हणून मी माझ्या आवडीचा, म्हणजे जपानचा घेतो. विषय मात्र शेजाऱ्यांचाच आहे!

सोळाव्या शतकात पश्चिम जपानात आकी प्रांतात मोरी मोतोनारी (जन्म 1497) नावाचा छोटा सरदार होता. उत्तरेला इझुमोमध्ये आमागो घराणे, पश्चिमेला ओउची घराणे. दोन्ही बलाढ्य. मोतोनारी आधी आमागोंच्या बाजूला होता, पुढे ओउचींकडे गेला. आमागो ते विसरले नाहीत. 1540 मध्ये आमागो हारुहिसा मोठी फौज घेऊन त्याच्या योशिदा-कोरियामा किल्ल्यावर चालून आला. आसपासचे शेतकरी, बायकापोरे सगळी गडावर घेऊन मोतोनारीने महिनोन्महिने दम काढला. ओउचींची कुमक आली आणि 1541 च्या आरंभी आमागोंना परतावे लागले.

मग ओउचींना वाटले, आता आपणच आमागोंना संपवू. 1542-43 ची ही स्वारी पार फसली. गास्सान-तोदा हा आमागोंचा डोंगरी किल्ला पडेना, सोबतचे सरदार ऐनवेळी फुटले. माघारीत मोतोनारीचाही जीव जाणार होता. सांगतात, की एका इमानी सरदाराने त्याचे चिलखत चढवून शत्रूला स्वतःच्या अंगावर घेतले, म्हणून तो वाचला.

पुढे ओउची घरातल्या बंडाळीने संपत आले. 1555 मध्ये इत्सुकुशिमा बेटावर मोतोनारीने बंडखोर सेनापतीचा फडशा पाडला आणि 1557 पर्यंत ओउचींचा मुलूख गिळला. त्याच वर्षी त्याने तीन मुलांना एक लांबलचक पत्र लिहिले. आपल्या घराण्याचे भले चिंतणारा परमुलखात तर नाहीच, पण आपल्या प्रांतातही कुणी नाही, तेव्हा तिघांनी एकत्र राहा, असा त्याचा आशय. तीन बाणांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ती दंतकथा, हे पत्र मात्र खरे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट, म्हणजे पैसा. दोघांच्या सरहद्दीवर इवामीची चांदीची खाण होती. 1533 मध्ये तिथे शिसे वापरून चांदी शुद्ध करण्याची रीत आली आणि उत्पन्न वाढले. ही खाण कधी ओउचींकडे, कधी आमागोंकडे. हारुहिसा होता तोवर मोतोनारीच्या हाती ती टिकली नाही. तो वारल्यावर, 1562 मध्ये, खाणीचा रखवालदार होन्जो त्सुनेमित्सु मोरींना येऊन मिळाला. मोतोनारीने थोड्याच महिन्यांत त्याला मारून टाकले. ते पाहून इझुमोतले आलेले सरदार पुन्हा आमागोंकडे पळाले. माझ्या मते हा मोतोनारीचा सर्वांत महागडा व्यवहार. खाण मिळाली, पण पत गेली, आणि पत गेली की वसुली लांबते, हे आम्हा बँकवाल्यांना वेगळे सांगायला नको.

झालेही तसेच. 1563 मध्ये थोरला मुलगा ताकामोतो या मोहिमेवर निघालेला असताना वाटेत अचानक वारला. म्हातारा सत्तरीला टेकलेला, तरी वेढा सोडला नाही. रसद तोडली, आजूबाजूचे किल्ले एकेक घेतले. सुरुवातीला गडावरून शरण येणाऱ्यांनाही तो येऊ देईना, म्हणजे आत खाणारी तोंडे वाढावीत! धान्य संपत आल्यावरच शरणागतीला मुभा दिली, मग माणसे रांगेने उतरली. 1566 च्या अखेरीस हारुहिसाचा मुलगा योशिहिसा शरण आला. मोतोनारीने त्याला मारले नाही, नजरकैदेत ठेवले.

पाच वर्षांनी, 1571 मध्ये, मोतोनारी गेला. तेव्हाही आमागोंचे उरलेसुरले सरदार घराणे पुन्हा उभे करायला लढतच होते.