ध्वनिक्षेपक पेटीचे सीएनसी कर्तन

ध्वनिक्षेपक पेटीचे सीएनसी कर्तन म्हणजे घरी जोडावयाच्या स्पीकरच्या पेटीचे लाकडी भाग संगणक-नियंत्रित राउटर यंत्रावर कापून घेण्याची पद्धत होय. पेटीचा आराखडा हौशी व्यक्ती स्वतः तयार करते, कापण्याचे काम यंत्र असलेला गाळा करतो आणि जोडणी, रंग व तारांचे काम पुन्हा घरी होते. सीएनसी हे ‘संगणकीय अंकीय नियंत्रण’ या अर्थाच्या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. व्यवहारात ‘सीएनसी कटिंग’ हाच शब्द रूढ आहे. नुसते ‘कटिंग’ म्हटले तर मुंबईकराला आधी चहा आठवतो.

पार्श्वभूमी

हलत्या वेटोळ्याचा आधुनिक ध्वनिक्षेपक अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. त्याच्या शंकूच्या पुढून व मागून निघणाऱ्या लहरी परस्परविरुद्ध असतात आणि खालच्या स्वरांत त्या एकमेकींना नाहीशा करतात. म्हणून मागची लहर पेटीत कोंडावी लागते. पेटी किती लिटरची असावी हे पूर्वी बरेचसे अनुभवावर ठरे. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकाच्या प्रारंभी रिचर्ड स्मॉल यांनी त्याचे गणित बसवले. ड्रायव्हरसोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकातील ‘थील-स्मॉल’ आकडे ते हेच. त्यांवरून घनफळ काढता येते. उरतो प्रश्न फळ्या अचूक आणि काटकोनात कापण्याचा.

मध्य व दक्षिण मुंबईत हा प्रश्न मुळात जागेचा आहे. ८ फूट × ४ फूट फळीचे क्षेत्रफळ ३२ चौरस फूट, तर नायगाव व ना. म. जोशी मार्ग येथील बीडीडी चाळींतील मूळ खोली १६० चौरस फुटांची. म्हणजे फळी जमिनीवर ठेवताच खोलीचा पाचवा हिस्सा व्यापते. १८ मिलिमीटर जाडीच्या एमडीएफची अशी पूर्ण फळी सुमारे ४० किलो भरते. गिरगावातील चाळीच्या अरुंद जिन्यावरून ती वर नेणे आणि करवतीचा भुसा सामाईक गॅलरीत उडवणे, दोन्ही अवघड. कापलेले भाग मात्र दोन पिशव्यांत घरी येतात.

मुंबईतील व्यवस्था

ड्रायव्हर, क्रॉसओव्हरचे सुटे भाग, जोडखुंट्या आणि तारा ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, मिळतात. भायखळ्याचा मुस्तफा बाजार लाकूड व प्लायवूडसाठी प्रसिद्ध आहे. राउटर यंत्रांचे गाळे प्रामुख्याने नक्षीदार जाळ्या, देव्हारे, फर्निचर आणि नामफलक कापतात. स्पीकरची पेटी त्यांच्या दृष्टीने किरकोळ आणि किचकट काम असते. राज्य शासनाच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलच्या वस्तूंवर बंदी आल्यानंतर गणेशोत्सवाच्या मखरांसाठी पुठ्ठा, प्लायवूड आणि एमडीएफ यांचा वापर वाढला. त्यामुळे श्रावणाच्या सुमारास एका जोडीचे काम घेऊन जाणाऱ्याने थांबण्याची तयारी ठेवावी. दर चौरस फुटावर, कापाच्या लांबीवर किंवा यंत्राच्या वेळेवर ठरतो. तो आधी विचारून घेतलेला बरा.

आराखडा

सुतार चूक पाहून थांबतो, यंत्र थांबत नाही. फळी चुकीची कापली गेली तर बहुतेक वेळा दोष आराखड्यातच सापडतो. त्यामुळे मोजमापाची जबाबदारी आराखडा देणाऱ्याकडे येते आणि या पद्धतीतील खरे कौशल्यही तेथेच आहे.

आतून २०० × ३०० × ३५० मिलिमीटरची पेटी २१ लिटरची होते. १८ मिलिमीटर फळीत अशा दोन पेट्यांना मिळून सुमारे १.२ चौरस मीटर लाकूड लागते, म्हणजे पूर्ण फळीच्या निम्म्याहून कमी. ‘अठरा’ म्हणून विकलेली फळी प्रत्यक्षात थोडी पातळ असू शकते. ती १७.२ मिलिमीटर निघाली, तर घनफळात दखल घेण्याजोगा फरक पडत नाही. पण १८ मिलिमीटरच्या खाचेत ती ०.८ मिलिमीटर सैल बसते आणि सांध्यातून हवा गळू लागते. घनफळातील थोडी चूक कानाला क्वचितच कळते, गळणारी हवा फुसफुसून कळवते. म्हणून फळी आधी विकत घेऊन व्हर्नियरने मोजावी आणि मगच खाचा आखाव्यात.

राउटरचे पाते गोल फिरते. ६ मिलिमीटर व्यासाच्या पात्याने कापलेला आतला कोपरा ३ मिलिमीटर त्रिज्येचा गोल राहतो आणि चौकोनी फळी त्यात बसत नाही. उपाय म्हणून कोपऱ्यात पाते किंचित पुढे नेऊन गोल खाच काढतात. त्याच पात्याने ४ मिलिमीटरचे स्क्रूचे भोकही पडत नाही. तेथे केंद्रबिंदूची खूण करून घेऊन घरी गिरमिटाने भोक पाडणे सोपे. आराखड्यात भागाचे अंतिम माप द्यायचे असते, पात्याच्या जाडीची सूट यंत्रचालक देतो. दोघांनीही सूट धरली तर प्रत्येक फळी लांबी-रुंदीत ६ मिलिमीटर मोठी होते.

यंत्रासाठी दिली जाणारी डीएक्सएफ फाइल कधी एककाविना पोहोचते आणि मिलिमीटरचे इंच समजले गेले तर माप २५.४ पट होते. कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक चौकोन काढून ठेवल्यास पडताळा चटकन घेता येतो. आरपार काप, अर्धवट खोलीची खाच आणि भोके वेगवेगळ्या थरांवर व रंगांत दाखवावीत. एकावर एक आलेली रेष यंत्र दोनदा कापते.

ड्रायव्हरचे भोक सर्वांत नाजूक. ‘साडेसहा इंची’ हे केवळ बाजारनाव असते. बाहेरची कडा आणि भोकाचा व्यास हातातल्या ड्रायव्हरवर मोजावेत. कडा बसण्याची उथळ खाच आधी आणि आरपार भोक नंतर कापावे, कारण मधली चकती सुटली की लाकडाचा आधार जातो. पेटीच्या आतले लहान आडवे आधार पात्याच्या जोराने सरकू नयेत म्हणून त्यांना मूळ फळीशी बारीक पट्ट्यांनी जोडलेले ठेवतात.

साहित्य

एमडीएफ एकजिनसी असल्याने खाच स्वच्छ निघते, पण पावसाळ्यात त्याच्या उघड्या कडा पाणी शोषून फुगतात. त्यांना प्रायमर लावल्याविना पेटी भिंतीशी ठेवू नये. त्याचा भुसा अतिशय बारीक असतो आणि बांधणीची राळ बहुधा यूरिया-फॉर्मल्डिहाइडची असते. घासताना मुखपट्टी आवश्यक. प्लायवूड हलके व टिकाऊ, मात्र स्वस्त प्रतीच्या थरांत पोकळ्या निघतात आणि त्यांतून खरखर येऊ शकते. सामान्य प्लायवूडसाठी आयएस ३०३ आणि सागरी प्रतीसाठी आयएस ७१० हे भारतीय मानक आहे.

जोडणी व वापर

सर्व भाग प्रथम गोंदाविना जुळवून पाहतात. मग फेविकॉलसारखा पांढरा गोंद आणि शिकंजे वापरून पेटी बांधतात. पेटीचे कर्ण समान आले तर ती काटकोनात आहे. बंद पेटीत शंकू हळूच दाबून सोडला असता तो सावकाश मागे आला, तर सांधे बंद आहेत असे समजतात.

लहान खोलीत खालचे स्वर मुळातच फुगतात. साडेचार मीटर लांबीच्या खोलीचा पहिला अनुनाद सुमारे ३८ हर्ट्झला येतो. त्यामुळे चाळीच्या खोलीला मोठ्या, छिद्र ठेवलेल्या पेटीपेक्षा लहान बंद पेटी अधिक मानवते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्राची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या काळात ४५ डेसिबल आहे. खासगी ध्वनियंत्रणेचा आवाज जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून अधिक चढता कामा नये. सामाईक भिंतीला टेकवलेल्या पेटीचे खालचे स्वर भिंतीतून शेजारी पोहोचतात, म्हणून पेटीखाली रबराचे पाय लावून ती भिंतीपासून दूर ठेवतात.