बापाच्या जन्मस्थानाचा रकाना

हिंदुस्थानातून अमेरिकेस गेलेल्या लोकांचा इतिहास लिहू म्हणणाऱ्यास पहिली अडचण येते ती कागदांची. स्वामी विवेकानंद १८९३ साली शिकागोच्या धर्मपरिषदेस गेले, त्याचा वृत्तांत विपुल उपलब्ध आहे. गदर पक्षाच्या लोकांनीही आपली वृत्तपत्रे, पत्रे आणि खटल्यांचे कागद मागे ठेविले. परंतु त्याच सुमारास बंगालच्या हुगळी जिल्ह्यातील मुसलमान फेरीवाले चिकनकामाचे रुमाल आणि अभ्रे गाठोड्यांत बांधून न्यू जर्सीच्या समुद्रकाठी व तेथून पुढे न्यू ऑर्लीन्सपर्यंत जात होते. त्यांपैकी काहींनी तेथेच कृष्णवर्णीय स्त्रियांशी विवाह केले आणि ते तेथलेच झाले. आपल्याकडील कुलवृत्तांतांना तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचा, सनदांचा आणि घरोघरच्या रुमालांतील जुन्या कागदांचा आधार असतो. फेरीवाल्याच्या रुमालात विकावयाचा माल होता. त्याच्या नातवास आजोबा शोधावयाचा झाल्यास अमेरिकन सरकारची दर दहा वर्षांची शिरगणती हेच त्यातल्या त्यात भरवशाचे साधन उरते.

या शिरगणतीस १७९० साली आरंभ झाला. पहिल्या सहा गणत्यांत केवळ कुटुंबप्रमुखाचे नाव लिहीत. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र माणसाचे नाव येऊ लागले. (गुलामांची त्या साली केवळ वय, लिंग आणि वर्ण यांवरून मोजदाद झाली, हे येथे विसरून चालणार नाही.) १८८० मध्ये आईबापांची जन्मस्थाने आणि १९०० मध्ये देशात आल्याचे साल असे नवे रकाने पडले. व्यक्तिवार तक्ते ७२ वर्षे गुप्त राहतात. १९५० चे तक्ते एप्रिल २०२२ मध्ये खुले झाले. १८९० च्या तक्त्यांना मात्र वॉशिंग्टनमध्ये जानेवारी १९२१ च्या आगीची झळ लागली आणि जे अर्धवट वाचले तेही पुढे सरकारनेच नष्ट केले. फेरीवाल्यांच्या येण्याजाण्याचा आरंभीचा काळ नेमका याच खळग्यात पडतो.

संशोधकास चकविणारा रकाना वंशाचा होय. त्यात इंग्रजी ‘इन’ ही खूण दिसली की आपला माणूस सापडला असे नवख्यास वाटते. वस्तुतः ती खूण अमेरिकेच्या मूळ रहिवाशांची. हिंदी माणसांसाठी १९२० पासून ‘हिंदू’ असा वंश ठरविण्यात आला. म्हणजे हुगळीचा नमाजी मुसलमान आणि कॅलिफोर्नियातील शेतांवर राबणारा जालंधरचा शीख हे दोघेही कागदोपत्री हिंदू! पण हे नियमाचे झाले. प्रत्यक्षात प्रगणक दारात उभा राहून समोरच्या माणसाकडे पाही आणि शेजार कोणाचा याचाही अंदाज घेई. त्यामुळे या बंगाल्यांची नोंद कोठे गोरा, कोठे काळा, कोठे मिश्र रक्ताचा अशी निरनिराळी झालेली आढळते. माझ्या मते या रकान्यास माणसाविषयीचा पुरावा न मानता लिहिणाऱ्याच्या नजरेविषयीचा पुरावा मानावे. पाठचिकित्सा करणारा जसा लेखनिकाच्या खोडी ओळखून मूळ पाठाकडे जातो, तसेच येथे करावे लागते.

पुढच्या पिढीची गोष्ट याहून गंभीर आहे. १९३० च्या प्रगणकांना दिलेल्या सूचनांप्रमाणे गोऱ्या आणि निग्रो अशा मिश्र रक्ताच्या माणसात निग्रो रक्ताचा अंश कितीही थोडा असला तरी त्याची नोंद निग्रो अशी करावयाची होती. बंगाली बाप आणि कृष्णवर्णीय आई यांच्या मुलांचीही प्रत्यक्षात निग्रो अशी नोंद झाली की त्यांच्या वंशातून बाप एका फटक्यात पुसला जाई. पंजाबी बाप आणि मेक्सिकन आई यांच्या घरांत बापाचा वंश मुलांकडे जावा असा नियम होता. नियमाप्रमाणे बंगाल्यांच्या मुलांनाही हेच लागू होते, पण प्रत्यक्षात नेहमी तसे घडले नाही. परंतु त्याच ओळीत थोडे पुढे एक साधा रकाना आहे: बापाचे जन्मस्थान. त्याविषयी प्रगणकास मत असण्याचे कारण नव्हते. घरच्यांनी सांगितले आणि त्याने लिहिले. वंश निग्रो आणि बापाचे जन्मस्थान ‘इंडिया’, अशी ओळ जेथे भेटते तेथे थांबावे. आजोबा बहुधा तेथेच असतो. ही वाटही फार लांब जात नाही, कारण १९४० मध्ये आईबापांच्या जन्मस्थानाचा प्रश्न दर शंभरांत केवळ पाच जणांना विचारण्यात आला.

नागरिकत्वाच्या रकान्याचीही अशीच एक करुण कहाणी आहे. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थाने गोरा नव्हे असा निवाडा दिला आणि आधी नागरिक झालेल्या कित्येकांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. म्हणून एकच मनुष्य १९२० मध्ये नागरिक आणि १९३० मध्ये परका असा आढळला, तर प्रगणक चुकला किंवा हा दुसराच कोणी असे मानण्याची घाई करू नये. दोन्ही नोंदी खऱ्या असू शकतात.

नावांचे काय होते हे सांगावयास नकोच. ‘अली’, ‘उल्ला’ ही नावे ऐकणाऱ्याच्या कानावर आणि त्याच्या शाळेतल्या वर्णलेखनावर अवलंबून राहिली. विवेक बाल्ड यांनी २०१३ साली ‘बेंगॉली हार्लेम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. शिरगणतीचे तक्ते, जहाजांवरील उतारूंच्या याद्या आणि विवाहांच्या नोंदी एकमेकींशी ताडून त्यांनी या फेरीवाल्यांचा आणि पुढे न्यूयॉर्क बंदरात जहाजे सोडून पळालेल्या खलाशांचा इतिहास उभा केला. एका कागदावर भिस्त ठेवली असती तर हे साधले नसते. तक्त्यावर जन्मस्थान ‘इंडिया’ एवढेच असते. गावाकडे नेणारा धागा असलाच तर तो जहाजाच्या यादीत.

आणि गाव सापडले तरी तेथील खानेसुमारी कामास येत नाही. इंग्रजी अमदानीतील गणती ठरलेल्या एका रात्रीची असे. जो जेथे असेल तो तेथे मोजावयाचा. १ मार्च १९०१ च्या रात्री जो न्यू ऑर्लीन्समध्ये होता तो हुगळीच्या आकड्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. जे घरी होते त्यांचीही नावे उरली नाहीत, कारण आपल्याकडे छापील कोष्टके राखली गेली, व्यक्तिवार तक्ते राखण्याची चाल पडली नाही.

अमेरिकन तक्त्यांत एक उत्तर मात्र बहुधा मिळत नाही: हे सारे प्रगणकास कोणी सांगितले? नवरा माल घेऊन बाहेर, दारात बायको किंवा घरमालकीण. तिला त्याच्या आईचे जन्मस्थान कोठून ठाऊक असणार? १९४० मध्ये प्रथमच, माहिती देणाऱ्याच्या नावापुढे वर्तुळातील फुलीची खूण करण्याचा नियम झाला. त्या आधीचे तक्ते वाचताना ती फुली आपली आपणच कोठे घालावी हे ठरवावे लागते.