बसरा मोती आणि पेरलेला मोती

खडकवासल्यापासून पुण्याच्या पेठांपर्यंत जुन्या नथा-चिंचपेट्यांतील मोत्यांस आम्ही अभिमानाने 'बसरा' म्हणतो; पण बसरा ही पेठ, मोत्यांचा जन्म इराणी आखाताच्या तळचा. पाणबुड्यांनी काढलेला तो माल मुंबईच्या जवाहिऱ्यांकडून इकडे येई. १८९३ साली जपानात मिकिमोटोने शिंपल्यात बीज घालून अर्धगोल मोती पिकविला. पुढे पूर्ण गोलही साधला, आणि १९३० नंतरच्या मंदीत आखाताचा धंदा बसला. दोहोंचे पाणी शिंपल्यानेच दिलेले, भेद पोटात. पेरलेल्या गोल मोत्यात बहुधा शिंपल्याचाच कोरीव मणी व वर लेप. नैसर्गिक मोती गाभ्यापर्यंत थरांचाच. खात्री क्ष-किरणांनी होते. आजीची नथ नव्याने गाठवून घेताना एखादा मोती बदलला गेला, तर घरच्या डोळ्यांस ते कळावयाचे नाही.