सातारा–सांगली भागातील न्याहारी : जाते, गिरणी आणि सकाळचा वेळ

आहाराच्या इतिहासात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा विचार एकत्रच करावा लागतो. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले. त्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेली सांगली, मिरज, जत ही संस्थाने मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा बनला. त्यास सांगली हे नाव मिळाले ते १९६० मध्ये. शासकीय सीमा अशी अलीकडची आहे. ताटातील सीमा मात्र पावसाने आखलेली असून ती फार जुनी आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण व शिराळा या डोंगरी पट्ट्यात भात आणि नाचणी. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणग्रस्त पूर्वभागात बाजरी व जोंधळा. आणि या दोहोंमध्ये कृष्णाकाठची काळी जमीन, जिथे शाळूबरोबर भुईमूग, हळद व पुढे ऊस आला.

या प्रदेशातील माणसे सकाळी काय खात, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. मुद्रित साधनांत त्याचे उत्तर सहजासहजी सापडत नाही, हीच त्यातील लक्षणीय बाब होय. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली. दोन्ही ग्रंथ मोलाचे आहेत. परंतु पाकशास्त्राचा ग्रंथ ज्याला कृती आहे त्याचीच नोंद घेतो. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करण्याला कृती कसली? बहुसंख्य कुटुंबांची न्याहारी याच कारणाने ग्रंथांबाहेर राहिली. केवळ पाककृतींच्या पुस्तकांवरून मराठी न्याहारीचा इतिहास लिहू पाहणारा अभ्यासक पोहे, सांजा आणि शिरा यांच्यापाशीच घोटाळत राहील.

‘न्याहारी’ हा शब्द फारसी कुळातील मानला जातो. त्यामागून रूढ झालेला ‘नाश्ता’ही फारसीच. दोन्ही शब्दांच्या मुळाशी उपाशी पोटाचा अर्थ आहे. व्यवहारात मात्र त्यांनी दोन भिन्न गोष्टी दर्शविल्या. न्याहारी म्हणजे असलेले खाणे. नाश्ता म्हणजे सकाळसाठी मुद्दाम वेगळे केलेले. पहिल्याकडून दुसऱ्याकडे झालेले स्थित्यंतर रुचीच्या बदलाने झाले, असे सामान्यतः समजले जाते. परंतु रुचीपेक्षा वेळ अधिक निर्णायक ठरला असावा, असे अनुमान पुढील गोष्टींवरून करता येते.

जुन्या घरात सकाळचा वेळ जात्याने व्यापलेला होता. जोंधळ्याचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात. बाजरीचे पीठ तर थोड्याच दिवसांत कडू होते. गव्हासारखा चिकटपणा या धान्यांत नसल्याने सारी भिस्त ताज्या पिठावर आणि गरम पाण्याने केलेल्या मळणीवर. म्हणून दळण रोजचे, आणि तेही पहाटेचे. पुढे पाणी भरणे, धारा काढणे, शेण सारवणे. ज्या स्त्रीने दोन-तीन तास जाते ओढले, तिने त्याच प्रहरी आणखी एक पदार्थ रांधावा, ही अपेक्षा त्या व्यवस्थेत बसणारीच नव्हती. दळताना म्हटलेल्या ओव्यांचा जो प्रचंड संग्रह हेमा राईरकर व गी पोइत्व्हँ यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस उभा केला, तो या पहाटेच्या श्रमांचे कदाचित सर्वांत विस्तृत साधन आहे. आहाराच्या अभ्यासकांनी त्याचा उपयोग अजून पुरेसा केलेला नाही.

त्यामुळे न्याहारीचे रूप ठरून गेले. रात्रीची उरलेली भाकरी, खरडा किंवा चटणी, कांदा, असल्यास दही वा ताक. औत धरणाऱ्यासाठी दिवस वर आल्यावर शेतात भाकरी जाई. तिच्याबरोबरच्या कालवणाला या भागात ‘कोरड्यास’ हा खास शब्द आहे. शिळी भाकरी कोरडी व ठिसूळ होते, आणि हा दोष या घरांनी गुणात पालटला. ठिसूळ भाकरी हाताने सहज चुरली जाते. तिच्यावर ताकाचा हबका मारून कांदा, मिरची व भुईमुगाच्या तेलाची फोडणी दिली की फोडणीची भाकरी तयार होते. दुधात चुरली की लहान मुलांचे व आजाऱ्यांचे अन्न. नगरांतील पांढरपेशा घरांत कचेरी व शाळेपूर्वी दहाच्या सुमारास पूर्ण जेवण होई. तोवर मुलांना मऊ भात, तूप व मेतकूट पुरे. थालीपिठाची भाजणी ही या सर्वांत अपवादात्मक तरतूद. धान्ये व डाळी भाजल्याने त्यांतील ओलावा जातो आणि दळलेले पीठ बरेच दिवस टिकते. एका दिवशी खपून पुढच्या अनेक सकाळी वाचविण्याची ही युक्ती होती.

यंत्राची पिठाची गिरणी आली आणि ही घडी विसकटली. पहाटेचे तास मोकळे झाले. पण ते स्त्रीच्या वाट्याला आले, असे दिसत नाही. त्याच सुमारास घड्याळ घरात शिरत होते. १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली आणि माळावर भोंग्याने दिवस सुरू होऊ लागला. साताऱ्यात १९२४ साली भाऊराव पाटलांनी वसतिगृह उघडले, ज्यास १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. तेथे नाना जातींची मुले एका पंक्तीत जेवू लागली, आणि त्यांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने विकले. स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी साखर कारखान्यांनी पाळ्यांचे वेळापत्रक ऊस पिकविणाऱ्या खेड्यांपर्यंत नेले. भोंगा आठाच्या आत बोलावू लागल्यावर दहाचे जेवण टिकणे शक्यच नव्हते. गिरणीने सोडविलेला वेळ अशा रीतीने चुलीने घेतला.

चहाचा वाटा येथे वेगळा सांगावा लागेल. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटे घेतल्यावरून न्यायमूर्ती रानडे व टिळक यांच्यासह अनेकांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता. त्यानंतर अर्ध्या शतकातच चहा खेड्यात पोचला आणि त्याने ताकाची जागा घेतली. चहाबरोबर शिळी चपाती खाण्याची जी चाल या भागात आज घरोघर आहे, ती जुन्या न्याहारीचाच अवशेष होय; धान्य बदलले, द्रव बदलला, रीत तीच राहिली.

भट्टीत भाजलेल्या पदार्थांचा प्रवेश याहून सावकाश झाला. १८२८ नंतर महाबळेश्वर येथे युरोपियनांचे हवा खाण्याचे ठिकाण उभे राहिले, पाठोपाठ पाचगणी. तेव्हा पाव या जिल्ह्याला परका नव्हता. पण तो बंगल्यांत राहिला. पावाशी बाटण्याची कल्पना जोडलेली होती, आणि घरच्या चुलीवर भट्टी नव्हती. पुढे गृहिणींनी दोन वाटा काढल्या. एक, पीठ, साखर व तूप घेऊन बेकरीत जाणे आणि समोर बसून नानकटाई भाजून आणणे. दुसरी, जाड बुडाच्या भांड्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून घरीच केक करणे. खिडकीचा गोल ॲल्युमिनियमचा विजेचा ओव्हन नंतर आला.

या नव्या स्वयंपाकाला लेखी रूप देणाऱ्या कमलाबाई ओगले याच परिसरातील. त्यांचा जन्म १९१३ साली कुंडल येथे झाला. त्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली किर्लोस्कर प्रकाशनाने काढले. ज्या उद्योगसमूहाच्या भोंग्याने त्यांच्या जन्मगावाजवळची सकाळ बदलली, त्याच घराण्याच्या मुद्रणालयातून हे पुस्तक बाहेर पडावे, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. वाटी व चमचा ही त्यातील प्रमाणे सासूच्या हाताखाली न शिकलेल्या, परगावी बिऱ्हाड केलेल्या मुलीला उपयोगी पडली. फोडणीच्या भाकरीला असे प्रमाण कधीच लागले नाही. रात्री किती भाकरी उरल्या, यावरच तिचे माप ठरत असे, आणि दुष्काळाच्या वर्षी त्या उरतच नसत.