भूक, ऋतु आणि कुरण

'भुकेला कोंडा, निजेला धोंडा' ही म्हण आपण माणसांविषयीं सहज वापरतों. परंतु मुक्या जनावरांच्या बाबतींत मात्र तिचा आपणांस विसर पडतो. काय खावें व काय टाकावें ह्याचें गुरांस उपजत ज्ञान असतें, तीं होऊन विषाच्या वाटेस जात नाहींत, असा समज फार जुना आहे. हा समज कोठवर खरा मानावा, ह्याविषयींचा एक बोधप्रद प्रसंग उत्तर युरोपांतील समुद्रकांठच्या कुरणांच्या इतिहासांत नमूद आहे.

इ. स. १७३२ मध्यें उप्साला येथील विज्ञानसंस्थेनें कार्ल लिनीयस नांवाच्या पंचविशीच्या एका तरुणास लॅपलंड प्रांताची पाहणी करण्यासाठीं पाठविलें. वनस्पतींस दुपदरी नांवें देण्याची पद्धति रूढ करणारा जो विख्यात शास्त्रज्ञ, तोच हा. पण त्या वेळीं त्याची कीर्ति अजून व्हावयाची होती. प्रवासांत तो बॉथ्नियाच्या आखाताच्या उत्तर टोंकास असलेल्या टॉर्निओ गांवीं आला. हें गांव आज फिनलंडांत मोडतें. तेव्हां तो सर्व मुलूख स्वीडनच्या राज्यांत होता. गांवकऱ्यांनीं त्याच्यापाशीं गाऱ्हाणें केलें कीं, वसंत ऋतूंत गुरें चरावयास सोडलीं कीं दरवर्षीं तीं पटापट मरतात. रोग कोणता तें कळत नाहीं.

लिनीयसनें रोगी गुरांपेक्षां प्रथम कुरणाकडे लक्ष दिलें. गुरें ज्या ठिकाणीं पहिल्यानें सोडीत, तें कुरण पाणथळ होतें आणि त्यांत सिक्यूटा नांवाची वनस्पति विपुल माजली होती. ही कोथिंबीर-गाजराच्या कुळांतली. तिचें मूळ अत्यंत विषारी. परंतु एवढ्यावर न थांबतां त्यानें पुढचा प्रश्न केला: हीच वनस्पति उन्हाळ्यांतही तेथें असते, मग गुरें वसंतांतच कां मरतात? त्याचें उत्तर असें कीं, उन्हाळ्यांत तिचा उग्र वास येतो आणि गुरें तिला तोंड लावीत नाहींत. वसंतांत मात्र लांबलचक हिवाळा गोठ्यांत अर्धपोटीं काढून तीं बाहेर पडतात. गवत अजून तोकडें असतें. सिक्यूटाचीं कोवळीं पानें पाण्याखालीं असल्यामुळें त्यांचा वास लपलेला असतो. आणि हिरवें दिसेल तें गुरें ओरबाडतात. मुळालगतचीं पानेंच तेवढीं खाल्लेलीं व वरचीं तशींच राहिलेलीं, हें त्यानें प्रत्यक्ष पाहिलें. ती वनस्पति उपटून काढावी, असा त्याचा सल्ला होता. पुढें दक्षिणेकडे लिमिंका येथील अफाट कुरणांतही त्याला तीच वनस्पति आढळली, आणि गांवांत शिरल्यावर तेंच गाऱ्हाणें ऐकूं आलें.

ह्या जिज्ञासेचें फळ सतरा वर्षांनीं पिकलें. इ. स. १७४९ मध्यें लिनीयसच्या देखरेखीखालीं 'पान स्वेकिकुस' म्हणजे 'स्वीडनचा पॅन' हा प्रबंध सिद्ध झाला. पॅन ही ग्रीकांची मेंढपाळांची देवता. लिनीयस व त्याचे शिष्य ह्यांनीं स्वीडनमधील वनस्पति एकेक करून गुरांपुढें ठेविल्या आणि कोण काय खातें ह्याची यादी केली. दोन हजारांवर प्रयोगांची ती बेरीज अशी: गाईबैलांनीं २७६ वनस्पति खाल्ल्या, २१८ नाकारल्या, शेळ्यांनीं ४४९ खाल्ल्या, १२६ नाकारल्या, मेंढ्यांनीं ३८७ खाल्ल्या, १४१ नाकारल्या, घोड्यांनीं २६२ खाल्ल्या, २१२ नाकारल्या, आणि डुकरांनीं ७२ खाल्ल्या, १७१ नाकारल्या. ज्या कुरणांत एका जातीचें जनावर उपाशी राहील, त्यांत दुसरें पुष्ट होईल, हें तत्त्व ह्या यादीनें आंकड्यांच्या आधारें मांडलें.

तथापि यादीस एक मर्यादा होती. ती 'खातें' किंवा 'खात नाहीं' एवढेंच सांगते. कोणत्या ऋतूंत, किती भूक असतां आणि शेजारीं दुसरें काय उपलब्ध असतां, हें सांगत नाहीं. टॉर्निओच्या कुरणानें जें शिकविलें होतें, तें यादींत मावण्याजोगें नव्हतें. आज आपणांस अधिक कळतें. गाईस वरचे पुढचे दांत नसतात. ती जिभेचा विळखा घालून गवत ओढते, म्हणून तिला फार बारीक निवड करतां येत नाहीं. घोडा वरच्या व खालच्या दांतांनीं गवत जमिनीसरसें कापतो. मेंढीचें तोंड अरुंद, त्यामुळें ती एकेक पान वेंचूं शकते. शिवाय आवड ही सर्वस्वीं उपजत नसते: पिलें आईच्या शेजारीं चरून शिकतात, आणि खाल्लेलें अंगीं लागलें कीं बाधलें ह्याची आठवण चवीशीं जोडली जाते, हें फ्रेड प्रोव्हेन्झा ह्या अमेरिकन संशोधकानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत दाखवून दिलें.

ह्या ज्ञानाची कसोटी पुन्हां त्याच किनाऱ्यावर लागली आहे. बॉथ्नियाच्या आखाताची जमीन वर उचलली जात आहे. हिमयुगांतील बर्फाच्या अजस्र थराखालीं ती दबली होती. ओझें गेल्यापासून ती हळूहळू वर येत असून उत्तर भागांत शंभर वर्षांत सुमारें दोन हात उंची वाढते. किनारा सपाट असल्यामुळें समुद्र मागें हटून नवी भूमि उघडी पडते. आंद्रेअस सेल्सियसनें समुद्राची पातळी मोजण्यासाठीं १७३१ मध्यें किनाऱ्याच्या एका खडकावर खूण कोरविली होती. परंतु त्या काळीं जमीन चढते असें न मानतां पाणीच आटतें असें मानीत. ह्या नव्या भूमीवर प्रथम लव्हाळे व गवत येतें. पण तें कापणारें वा चरणारें कोणी नसेल, तर पुष्कळ ठिकाणीं उंच, पोकळ कांड्यांचें नळगवत आणि मागोमाग झुडपें माजतात. लिमिंकाचीं कुरणें मोकळीं राहिलीं तीं विळ्यामुळें व गुरांमुळें. विसाव्या शतकांत वैरण शेतांत पिकूं लागली, किनाऱ्यावरची कापणी व चराई मंदावली, आणि नळगवत पसरलें. आंखूड गवतांत घरटीं करणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा त्यानें हिरावून घेतली.

फिनलंड १९९५ मध्यें युरोपीय संघांत सामील झाल्यानंतर अशा कुरणांवर गुरें चारणाऱ्या शेतकऱ्यांस अनुदान मिळूं लागलें आणि गाई किनाऱ्यावर परत आल्या. परंतु नुसत्या गुरें सोडून देण्यानें कार्य साधत नाहीं. नळगवताचे कोंब उन्हाळ्याच्या आरंभीं कोवळे असतां गाई तें आवडीनें खातात; तेंच पुढें राठ झालें कीं टाळतात. म्हणून उशीर करून चालत नाहीं. पण फार लवकर व फार दाटीनें गुरें घातलीं, तर पक्ष्यांचीं अंडीं खुरांखालीं चिरडतात. आणखी एक गोष्ट: किनाऱ्याच्या कुरणास लागून पेरलेलें गवताचें शेत एकाच कुंपणांत आलें, तर गाई त्या गोड गवतावरच रेंगाळतात आणि नळगवत तसेंच उभें राहतें. गाईची आवड तीच, कुंपण चुकलें.

ह्यावरून गुरें मूर्ख ठरत नाहींत, कीं सर्वज्ञही ठरत नाहींत. टॉर्निओच्या गाईंना विष ओळखतां येत होतें; ओळखण्यास लागणारी सवड मात्र त्यांना भुकेनें व ऋतूनें दिली नाहीं. त्यांना कोणत्या दिवशीं, कोणत्या स्थितींत व कोणत्या कुरणांत सोडावयाचें हें ठरविणारा माणूसच होता. जनावराची आवड जाणून घ्यावयाची असेल तर यादीबरोबर पंचांग आणि कुंपण हींही पाहिलीं पाहिजेत. नाहीं तर आपलें सारें कुरणशास्त्र उंटावरून शेळ्या हांकण्यापैकींच होईल.