सचिनहून सह्याद्रीकडे : पायी, सायकलने, मोटारसायकलने, कोणता रस्ता, किती वेळ, कुठे थांबायचं

सचिन (सुरत) : सचिनमध्ये कुठेही उभं राहिलं तरी डोंगर दिसत नाही. एका बाजूला जीआयडीसी, दुसऱ्या बाजूला रेल्वेलाईन, आणि पुढे उसाची शेतं. पुणेकराला तासाभरात किल्ला गाठता येतो, नाशिककराला तर घराच्या गच्चीवरूनच डोंगर दिसतो. सचिन, उधना, दिंडोली, लिंबायत भागात राहणाऱ्या मराठी माणसाला मात्र डोंगरासाठी पूर्वेकडे निघावं लागतं. पण निघालं, तर सह्याद्रीचं उत्तर टोक त्याच्याच वाट्याला आलेलं आहे. सोनगड, डांग, सापुतारा, हातगड, साल्हेर ही सगळी एकाच डोंगररांगेतली ठिकाणं. १ मे १९६० ला त्यांच्यामधून राज्याची सीमा गेली, एवढंच.

दर पावसाळ्यात या भागातून मोटारसायकलींचे घोळके सापुताऱ्याकडे निघतात. बरेच जण रात्रपाळी उरकून, न झोपता निघतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाळीवर हजर व्हायचं म्हणून अंधारात घाट उतरतात. धोका खरा तिथे आहे. म्हणून खालची माहिती सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने दिली आहे.

आधी वेळेचा हिशेब

सुट्टी एका दिवसाची असेल तर जमाखर्च मांडूनच निघावं. सुरत ते सापुतारा अंतर सुमारे १६० किलोमीटर. शेवटचा टप्पा जंगल आणि घाटाचा. मोटारसायकलने चहापाणी धरून एका बाजूचे चार तास लागतात. जाऊन-येऊन आठ तास खर्ची पडले. पावसाळ्यात उजेड असतो तेरा तासांच्या आसपास. पहाटे उजाडता निघालं तरी हाती राहतात पाचच तास, त्यात जेवण आणि विश्रांती आली. एक किल्ला किंवा एक पॉईंट निवांत बघून होतो. तीन ठिकाणं धरली की कुठला तरी टप्पा अंधारात जातोच.

साल्हेरला तर जाण्यातच पाच-सहा तास जातात. तो एका दिवसाचा किल्ला नाही. दोन दिवस नसतील तर सोनगड करावा, साल्हेर पुढच्या सुट्टीवर ठेवावा.

सपाटीवरचा सराव : दांडीचा रस्ता

सायकलवाल्यांनी थेट घाट धरू नये. सरावासाठी सचिनकरांना चांगला रस्ता दाराशीच आहे. १९३० च्या मीठ सत्याग्रहात गांधीजी आणि त्यांचे सहकारी सुरतहून पुढे दिंडोली, वांझ, धामण, नवसारी, विजलपूर, कराडी-मटवाड असे चालत ५ एप्रिलला दांडीला पोहोचले आणि ६ एप्रिलला मीठ उचललं. यातलं वांझ गाव सचिनच्या जवळचं. दिंडोली तर आज खान्देशी वस्तीमुळे ओळखली जाते.

सचिनहून नवसारीमार्गे दांडी एका बाजूने सुमारे ३५ ते ४० किलोमीटर. चढ जवळजवळ नाहीच. दांडीत ३० जानेवारी २०१९ ला उघडलेलं राष्ट्रीय मीठ सत्याग्रह स्मारक आहे. पहाटे निघून ऊन चढायच्या आत परत यावं. समुद्राकडून वारा असतो. जाताना तो तोंडावर येतो आणि दमवतो. हा फेरा थकवा न येता दोन-तीनदा झाला, की मग घाटाचा विचार करावा.

सचिनवरून जाणारा हजिरा-पलसाणा हायवे मात्र सायकलच्या सरावासाठी धरू नये. तिथे रात्रंदिवस ट्रेलर आणि टँकर चालतात.

पहिला किल्ला : सोनगड

सचिनवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५३ पलसाणा, बारडोली, व्यारा असा सोनगडला जातो आणि पुढे नवापूर, धुळ्याकडे निघतो. गावाकडे जाणाऱ्या खान्देशी माणसाचा हा पाठ असलेला रस्ता. सुरत ते सोनगड ९० किलोमीटरच्या आसपास. रेल्वेने जायचं तर उधन्याहून ताप्ती लाईनवर उकाई-सोनगड स्टेशन आहे.

एसटीच्या किंवा रेल्वेच्या खिडकीतून हा किल्ला हजारो लोकांनी पाहिला, वर मात्र थोडेच गेले. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सोनगड आपलं ठाणं केलं. बडोद्याच्या आधी गायकवाडांचा कारभार इथून चालायचा. वर तटबंदी, दरवाजे आणि देवीचं मंदिर आहे. अर्ध्या दिवसात आरामात होतो. लहान मुलं आणि घरातली मोठी माणसं बरोबर असतील तर पहिला डोंगर म्हणून हाच घ्यावा. वरून उकाई धरणाच्या बाजूचा मुलूख दिसतो.

सोनगडच्या पुढे नवापूर स्टेशन आहे. त्याचा काही भाग महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध सीमेची रेघ आहे. मुलांना दाखवण्यासारखी ही जागा आहे.

बिलिमोरा ते वघई : नॅरोगेजचा रस्ता

मोटारसायकल नसेल तरी डांग गाठता येतं. सचिनहून लोकल किंवा पॅसेंजरने बिलिमोरा, तिथून नॅरोगेजच्या छोट्या गाडीने वघई. बडोद्याच्या गायकवाडांच्या काळात ही ६३ किलोमीटरची लाईन टाकली गेली. सगाचं लाकूड जंगलातून खाली आणणं हा तिचा मोठा उद्देश होता. कोरोनाच्या काळात बंद पडलेली गाडी २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रवासाला तीन तास लागतात. वेळापत्रक बदलत असतं, तेव्हा निघण्याआधी स्टेशनवर चौकशी करावी. सायकल नेता येईल का, तेही बिलिमोऱ्यात आधीच विचारून घ्यावं.

वघईला वनखात्याचं बोटॅनिकल गार्डन आणि जवळच गिरा धबधबा आहे. सायकल नेलेली असेल तर वघई ते आहवा हा सुमारे ३२ किलोमीटरचा रस्ता साग-बांबूच्या जंगलातून जातो. चढउतार आहेत, पण सापुताऱ्याच्या घाटाइतके कठीण नाहीत. आहवा हे डांग जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. होळीच्या आधी इथे डांग दरबार भरतो आणि भिल्ल राजांना सरकारी मानधन दिलं जातं. त्या दिवसांत रूम मिळणं अवघड.

सापुतारा आणि हातगड

वघई ते सापुतारा सुमारे ५० किलोमीटर. शामगहान गावानंतर खरा घाट लागतो. सापुतारा हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे. सायकलवाल्याने वघईत मुक्काम करून सकाळी निघावं आणि घाट दुपारच्या आत संपवावा. उतरताना दोन्ही ब्रेक सारखे दाबून ठेवू नयेत. थोडं दाबावं, थोडं सोडावं. मोटारसायकलने उतार खालच्या गिअरमध्येच उतरावा, न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवू नये.

या घाटाची वळणं माहीतगार ड्रायव्हरलाही चुकवतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेकरूंची एक खासगी बस सापुताऱ्याजवळ पहाटे दरीत कोसळली आणि काही जणांचे जीव गेले. पहाटेचा अंधार, धुकं आणि झोप यांपैकी दोन गोष्टी एकत्र आल्या तरी थांबावं.

सापुताऱ्यात सनराईज, सनसेट आणि टेबल पॉईंट या ठरलेल्या जागा. तिथे गर्दी असतेच. खऱ्या चालणाऱ्याने पाच-सहा किलोमीटरवरचा हातगड करावा. हा किल्ला नाशिक जिल्ह्यात, सुरगाणा तालुक्यात येतो. चढ तास-सव्वा तासाचा. वाटेत कातळात कोरलेले दरवाजे आणि पाण्याची टाकी लागतात. वरून एका बाजूला सापुताऱ्याची हॉटेलं, दुसऱ्या बाजूला सप्तशृंगीकडची डोंगररांग दिसते. हिवाळ्यात खाली रस्त्यावर स्ट्रॉबेरी विकायला बसलेले शेतकरी भेटतात. नागलीची भाकर आणि ठेचा मिळाला तर पॅकबंद वेफर्सपेक्षा तोच घ्यावा. चार पैसे गावात राहतात.

जंगलातले रस्ते : महाल आणि डोन

पूर्णा अभयारण्य सुमारे १६० चौरस किलोमीटरचं आहे. त्यात महाल इथे वनखात्याचा कॅम्प आहे. जंगलात पायी जायचं तर वनखात्याची परवानगी आणि बरोबर स्थानिक माणूस हवाच. सूर्यास्तानंतर आत थांबायचं नाही. वघईजवळच्या वासदा राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू.

आहव्याहून सीमेकडे गेलं की डोन हे डोंगरातलं गाव लागतं. सापुताऱ्याची गर्दी नको असलेले हल्ली तिकडे वळतात. शेवटचा चढ उभा आहे. नव्या चालवणाऱ्याने मागे माणूस बसवून तो चढू नये. पेट्रोल आहव्यातच भरून घ्यावं. मोबाईलची रेंज बऱ्याच ठिकाणी जाते, म्हणून घरी कुठे जातोय आणि कधी परततोय ते आधीच सांगून ठेवावं.

साल्हेर : दोन दिवस राखून

साल्हेर १५६७ मीटर उंच. महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला, आणि शिखरांमध्ये कळसूबाईच्या खालोखाल. तो बागलाणात, म्हणजे सटाणा तालुक्यात आहे. गुजरातची सीमा लगतच. सुरतेशी त्याचं जुनं नातं आहे. ऑक्टोबर १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेची दुसरी लूट घेऊन बागलाणमार्गेच परतले आणि पुढे वणी-दिंडोरीला मोगलांशी लढाई झाली. त्यानंतर काही महिन्यांतच साल्हेर स्वराज्यात आला. १६७२ मध्ये त्याच्या पायथ्याशी मराठ्यांनी मोगलांचा मोकळ्या मैदानात पराभव केला. त्यात सूर्याजी काकडे पडले. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठा लष्करी भूप्रदेशातल्या १२ किल्ल्यांमध्ये साल्हेर आहे.

सचिनहून आहवा, चिंचली घाट, बाभुळणे असा रस्ता बागलाणात उतरतो. वाघांबे गावातून चढणारी वाट साल्हेर आणि सालोटा यांच्या खिंडीत येते. साल्हेरवाडीची वाट लांब आहे, पण तिच्यावर एकामागून एक दरवाजे लागतात. चढायला तीन-चार तास धरावेत. वर गंगासागर तलाव, गुहा, रेणुकेचं मंदिर आणि टोकाला परशुरामाचं छोटं देऊळ आहे.

पहिल्या दिवशी पायथ्याच्या गावात पोहोचून मुक्काम, दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई आणि दुपारपर्यंत खाली, हा सोयीचा बेत. माणशी तीन लिटर पाणी बरोबर ठेवावं. टाक्यातलं पाणी गाळून, शुद्ध करूनच प्यावं. गुहेत शेकोटी पेटवू नये. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर धुराने उठतं.

कधी जावं, कधी टाळावं

चालण्यासाठी ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्चनंतर सोनगड-हातगड सकाळी नऊच्या आत उरकावेत. जुलै-ऑगस्टमध्ये डांग हिरवंगार असतं, पण अंबिका, पूर्णा, खापरी या नद्यांना वर पडलेल्या पावसाने अचानक पूर येतो. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, मग ते पाणी घोट्याएवढंच का दिसेना. धबधब्याखाली उतरायला बंदीचे आदेश निघतात. ते मोडून सेल्फी काढू नये.

सीमा ओलांडताना

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. महाराष्ट्रातून परतताना बाटली सापडली तर गुन्हा दाखल होतो, ‘माहीत नव्हतं’ हे चालत नाही. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी जवळ ठेवावेत. मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालावं. संकटात ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर दोन्ही राज्यांत चालतात. फोन लागला की आधी गावाचं आणि तालुक्याचं नाव सांगावं. हातगडावर पाय मुरगळला तर ‘सापुताऱ्याजवळ’ एवढंच सांगून भागत नाही. गाव हातगड, तालुका सुरगाणा, जिल्हा नाशिक असं सांगितलं तर मदत लवकर पोहोचते. भाषेची अडचण येत नाही. डांगी बोलीत मराठी आणि गुजराती दोन्ही आहेत, आणि अहिराणी बोलणाऱ्याला ती लगेच समजते.

क्रम लक्षात ठेवावा

पहिल्या सुट्टीत दांडी, मग सोनगड, मग एक मुक्काम धरून हातगड, आणि दोन दिवस मोकळे मिळाले की साल्हेर. रात्रपाळी केली असेल तर आधी सहा तास झोप, मगच किल्ली हातात. घाटात उशीर झाला तर खाली उतरण्याची घाई न करता वरच मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशीची एक हजेरी बुडाली तर ती पुढच्या महिन्यात भरून निघते.