राखून ठेवलेला तुकडा

मागच्या वर्षी आमच्या वहिनींना डाव्या कानाने फोन ऐकू येईनासा झाला. मळ साचला असेल म्हणून महिनाभर तेल घालून झाले. शेवटी एमआरआयमध्ये गाठ निघाली. कर्करोगाची नव्हे, साधीच. पण मेंदूतून निघणाऱ्या आठव्या नसेवर. वर्षाला लाखात एखाद-दुसऱ्यालाच होते म्हणे. ऑपरेशननंतर सर्जन म्हणाले, "थोडा भाग मुद्दाम ठेवला आहे." घरात सगळे नाराज. एवढे सोसून काम अर्धवटच? माझा पेशा मास्तरकीचा, तेव्हा वाचायला बसलो.

आठवी नस ऐकण्याचे आणि तोल सांभाळण्याचे काम करते. गाठ बहुधा तोलाच्या फाट्यावर उगवते. तिला लागूनच चेहरा हलवणारी सातवी नस जाते. गाठ मोठी झाली की थेट मेंदूच्या देठावर दाब येतो. सगळी अडचण या शेजाराची आहे.

१८९५ साली एडिंबरोत टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका गरोदर तरुणीची अशी गाठ काढली आणि ती वाचली. पण असे नशीब थोड्यांचेच. सर्जन बोटाने गाठ उकरून काढत, रक्तस्राव आवरत नसे, निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत.

बोस्टनच्या हार्वे कुशिंग यांनी घाई सोडली. गाठ आतून पोखरायची, बाहेरचे वेष्टन तसेच ठेवायचे. १९१७ साली त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. मृत्यू खूप कमी झाले, पण उरलेली गाठ पुष्कळदा पुन्हा वाढे.

बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी हे त्यांच्याच हाताखाली शिकलेले. वेष्टनासकट सगळी गाठ काढता येते, असे त्यांनी १९२२ साली जाहीर केले. कुशिंग संतापले, खरमरीत पत्र लिहिले. शिष्याकडून हरण्यात गुरूने आनंद मानावा, असे आपण म्हणतो खरे. पण ते सोपे नसते, हे मी वर्गात अनुभवले आहे.

डँडींचे म्हणणे खरे ठरले. मात्र गाठीबरोबर बहुधा सातवी नसही जाई. अर्धा चेहरा लोंबे, डोळा मिटत नसे, पाणी पिताना ओठाच्या कडेने ओघळे. जीव वाचे, हसू जाई.

१९६१ च्या सुमारास लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी कानाच्या हाडातून वाट काढली, तीही सूक्ष्मदर्शकाखाली. हे गृहस्थ आधी दंतवैद्य होते! आता नस नीट दिसू लागली. पुढे नसेला धक्का लागताच इशारा देणारी यंत्रे आली. १९६९ साली स्टॉकहोममध्ये लार्स लेक्सेल यांनी अशा गाठीवर गॅमा किरणांचा प्रयोग केला. आता लहान गाठीवर कधीकधी नुसती नजरच ठेवतात.

आणि गाठ सातव्या नसेला घट्ट चिकटली असेल, तर पुष्कळ सर्जन तेवढा पापुद्रा राखतात. वाढलाच तर किरणे देतात. म्हणजे गुरूची रीत परत आली म्हणायची का? पुरती नाही. कुशिंग जीव वाचवण्यासाठी ठेवत आणि मागे राहिलेल्याचे काय होते ते त्यांना दिसत नसे. आता चेहऱ्यासाठी ठेवतात आणि एमआरआयमध्ये ते दिसते.

वहिनींचा तो कान गेला तो गेलाच. पण परवा नातवाच्या बोबड्या बोलण्यावर त्या हसल्या, तेव्हा ओठांच्या दोन्ही कडा सारख्या वर गेल्या. 'अर्धवट' हा शब्द मी मागे घेतला आहे.

पुढचा एमआरआय दिवाळीनंतर आहे. धाकधूक आहेच. असो.